सलामीचा हात

काळुराम पाटील सर सरावाला आले की आधी तळातल्या बायांचे पाय बघतात. वर कोण चढणार, ते नंतर. डोंबिवलीच्या आमच्या महिला गोविंदा पथकाला ते वीसएक वर्षं शिकवतात. माझी संचिता, वय वर्षं सोळा, त्यांची एक्का आहे, म्हणजे सगळ्यात वर एकटी उभी राहणारी. म्हणून मी सरांकडे इतकी बघत राहते.

पूर्वी ते समोर उभे राहून, मान वर करून ओरडायचे. मागच्या वर्षी सरावात पाच थर लागले आणि बघता बघता खाली आले. मधल्या थरातल्या पायलचं मनगट मोडलं. सरांना शेवटपर्यंत काही दिसलं नव्हतं. त्यानंतर ते दर रविवारी शहाडला प्राप्तीकडे जायला लागले. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता जिम्नॅस्टिक्स शिकवते.

“काय सर, या वयात ॲडमिशन?” तळाला उभी राहणारी जया म्हणाली. “डबा नेता की नाही?”

“नेतो. अंगठे धरून उभं करते ती मला.”

प्राप्तीनं त्यांना सांगितलं की वरचे डोलायला लागण्याआधी खालच्यांच्या पोटऱ्या थरथरतात. “इतकी वर्षं मी वरच बघत होतो, ताई,” सर मला म्हणाले.

मग नवा नियम आला. दोन तुटक शिट्ट्या वाजल्या की सलामी न देता उतरायचं. एक्कानं हात उंचावून सलामी दिली नाही, तर थर मोजला जात नाही. त्यामुळे वर पोचलं की हात वर, एवढंच पोरीच्या अंगात मुरलेलं. सरावात शिट्टी वाजली तरी आधी तिचा हात जायचा.

“अगं, हात कुठे निघाला?”

“आपोआप जातो, सर.”

घरी माळ्यावरचा डबा काढायला ती स्टुलावर चढली, तेव्हाही गेला. ती हसली. मला हसू आलं नाही.

“दोरी बांधलेली असेल ना पण?” मी सरांना विचारलं.

“दोरी संचिताला धरेल. ती हलली की खालच्या हलणार. त्यांना कोण धरणार?”

दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर सहा थर लावायचे होते. डीजे दणाणत होता. सगळे वर बघत होते. सर तेवढे उकिडवे बसून पोटऱ्या बघत होते. संचिता सरळ उभी राहिली आणि दोन तुटक शिट्ट्या वाजल्या. तिला ऐकू गेल्या का, मला कळेना. माइकवरचा माणूस “सलामी, सलामी” ओरडत होता. तिचा हात खांद्यापर्यंत आला. थांबला. मग ती बसली आणि उतरू लागली. ती तिसऱ्या थरापर्यंत आली असेल, तेवढ्यात तळ खचला.

जयाचा गुडघा सुजला. बाकीच्या खरचटण्यावर सुटल्या.

“थर मोजला नाही, घरी जा,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

“जातो की,” जया लंगडत म्हणाली. “सगळ्या मोजून घेतल्या की निघतो.”

सरांनी संचिताला शाबासकी दिली नाही. “खांद्यापर्यंत गेला,” एवढंच म्हणाले.

“हो, सर.”

“रविवारी माझ्याबरोबर शहाडला चल. मलाही अजून शिकायचंय.”

पोरी पुढच्या वर्षीच्या सात थरांचं बोलायला लागल्यात. आज संचिता पुन्हा स्टुलावर चढली होती. हात खांद्यापर्यंतच गेला. पण गेला.