धोतराचा पडदा

ओल्या सुती कापडाचा वास आला की मला साठच्या दशकातली आमच्या बेंगळुरातल्या घराची पडवी आठवते. अक्काच्या लग्नाची मुकी फिल्म बघायला सगळी गल्ली जमली होती. थोरल्या भावानं, अण्णानं, फोटो स्टुडिओतून प्रोजेक्टर मागून आणला होता. शेजारच्या काकांकडे चमचमता विलायती पडदा होता, पण तो मागायला गेलेल्या आईला ते त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "स्वल्प जपून वापरायची वस्तू आहे ती, वहिनी." आई तिरमिरीत परतली, बाबांचं नवं धोतर तिनं बादलीत बुडवलं आणि पडवी-माजघरामधल्या दारात ताणून बांधलं. "अगं, ओलं कशाला?" अण्णा ओरडला. "माहेरी तंबूच्या सिनेमात असंच भिजवायचे. बघशील," ती म्हणाली. प्रोजेक्टरचा दिवा लागला, ओल्या धोतरातून उजेड आरपार गेला आणि पडवीतल्या पुरुषांना दिसलं तेच चित्र, तितकंच लख्ख, आत माजघरात बसलेल्या आम्हा बायकांनाही दिसलं. फक्त आमच्या बाजूला पंगतीतला जो तो डाव्या हातानं जेवत होता! हसून हसून आमच्या डोळ्यांना पाणी आलं. तेवढ्यात आमच्यात बसलेल्या शेजारच्या काकूंचा खणखणीत आवाज पलीकडे गेला, "अहो, आपल्या पडद्यावरचं मला आजवर फक्त तुमच्या डोक्यांमागून दिसलंय!" आईनं धोतरावर पाण्याचा आणखी एक हबका मारला आणि ऐटीत मांडी घालून बसली. परवा दुकानात विक्रेता मला टीव्हीचे इंच आणि रंग समजावत होता. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मी सरळ टीव्हीच्या मागे जाऊन बघून आले.