माझ्याच गावात मी राहत नाही

मित्रहो, डोकं फिरलंय, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

शाळेत कबड्डीच्या दौऱ्यासाठी काढलेल्या पासपोर्टची मुदत संपली होती. माझी मैत्रीण दुबईत नर्स आहे. तिच्याकडं जायचं म्हणून कॉलेज सोडलं, तिथं नोकरी ठरवली, पण रिन्यू पोलीस चौकशीत अडकलं ते अडकलंच. आज पोलीस ठाण्यात विचारलं, तर हवालदार हसला. "शेजारीच म्हणते, तू तिथी राहत नाई. मग रिपोर्ट काय चांगला लिहू?"

शेजारी म्हणजे डोमाकाका. आमच्या सूरजागडच्या बाजूला नक्षली म्हणून कुणालाही उचलतात, त्यामुळं पोलीस कुणाचं नाव विचारत आला, की 'माहीत नाई' म्हणायची रीतच आहे.

काका अंगणात मोहफुलं वाळवत होते. मी ओरडलो, "काका, माझी वाट लावली तुमी! मी काय चोर आहो का?"

ते खुशीत म्हणाले, "वाचवलो ना बे तुले!"

"स्वतःच्या पोराले पोलिसायनं नेलं, तवा नाई वाचवता आलं, मले कायले वाचवता?"

काका फुलं पसरवत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या वेळी मीच त्यायले घर दाखवलो होतो."

संध्याकाळी तिला सगळं कळवलं. उत्तर आलं, "तुझं गावच तुले ओळखत नाई, मी काऊन ओळखू?"

आता चौकशीला शिपाई परत येणार. काका मघाशी दारात येऊन सांगून गेले, "भिऊ नको. या वेळीबी नाईच म्हणतो."

सांगा भाऊ, त्यांना कोणत्या तोंडानं म्हणू, की काका, घर दाखवा?