मागाशेजारी ठेवलेला कॉम्प्युटर

गुळेदगुड्डच्या विणकर गल्लीत निंगप्पा बरगीच्या चोळीच्या खणात खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द निंगप्पाचंच मत होतं. बायको पार्वतव्वाचं मत थोडं वेगळं होतं, पण ती ते कांड्या भरता भरता चरख्यालाच सांगायची. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच, कुठल्याही बिघाडाचं कारण त्याला बघायच्या आधीच कळायचं. धागा तुटला की सूत रंगवणाऱ्याचा हात खराब, भाकरी करपली की पार्वतव्वाचं लक्ष शेजारणीकडे, पाऊस लांबला की बेंगळुरूचं सरकार. कारण एकदा सापडल्यावर पुन्हा तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं, असा त्याचा हिशेब.

त्याच्या घरी कॉम्प्युटर आला तो हुबळीच्या मेव्हण्याकडून. मेव्हण्याच्या कचेरीत नवे आले, जुने निघाले, त्यातला एक त्याने भाचीसाठी मागून घेतला. भाची म्हणजे निंगप्पाची एकुलती एक दाक्षायणी, घरची दाक्षी. नुकतीच बारावी झालेली, बोलायला कमी आणि बघायला फार. कुणाच्या अंगावर नवी साडी दिसली की ही तोंड बघायच्या आधी काठ बघायची.

घरात खोल्या दोन. पुढच्या खोलीत माग आणि चरखा, मागच्या खोलीत चूल. दाक्षी म्हणाली, "अप्पा, मागं खिडकीपाशी ठेवू या. वारा येतो."

"चुलीपाशी?" निंगप्पाने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने देव उकिरड्यावर ठेवायला सांगितला. "विद्येचं यंत्र आहे ते. आपल्या घरात मागाइतकी मानाची जागा दुसरी आहे का? त्याच्या शेजारीच बसंल ते."

आणि बसलं. मागाच्या खड्ड्याला लागून फळी टाकली, फळीवर तो डबा, डब्याला टेकून चरखा. महानवमीला निंगप्पाने मागाला विभूतीची तीन बोटं ओढली, तशीच कॉम्प्युटरला ओढली. झेंडू वाहिला. मागावरून नुकताच उतरलेला एक खण त्याला पांघरला, पुढून मागून अगदी ऐसपैस. स्वतःच्या लेकीला शिवायला दिला नसता इतका उंची खण होता तो. शिवाय बरग्यांच्या घरात निंगप्पाच्या बापापासूनचा नेम होता की ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर असेतो मागाजवळ झाडू फिरवायचा नाही. सुताचा भुगा म्हणजे लक्ष्मी, तिला झाडूने हाकलायचं नसतं. एक ताणा संपायच्या आत निंगप्पा दुसरा जोडायचा, त्यामुळे लक्ष्मी त्या कोपऱ्यात कायमची मुक्कामाला होती. पैशाच्या रूपात मात्र ती कधी आली नाही.

दाक्षी त्या कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. हिशेबासाठी असतो तो चौकटींचा तक्ता उघडायची आणि एकेक घर रंगवायची. एक घर म्हणजे एक धागा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गुळेदगुड्डचा खण म्हणजे रथ, सूर्यनारायण, तुळस, आजोबा-पणजोबांपासून तेच. दाक्षी भलतंच काही काढायची. बेंगळुरूला विणकामाची नक्षी शिकवणारी एक शाळा आहे, तिथे मुलाखतीला आपल्या हातच्या वीस नक्ष्या घेऊन जायचं होतं. अर्ज मंजूर झाला होता. भाडं मामा देणार होता. निंगप्पाने नाही म्हटलं नव्हतं. "बघू," म्हटलं होतं, आणि त्या घरात 'बघू' म्हणजे अर्धा होकार.

पण कॉम्प्युटर रुसायला लागला. सकाळी बरा चालायचा. ऊन चढलं की आतला पंखा दळणाच्या गिरणीसारखा घरघरायचा, पडद्यावरचा बाण पेंगायला लागायचा, आणि एकाएकी सगळं काळं. पुन्हा चालू करावं तर पुन्हा तेच, उलट आधीपेक्षा लवकर.

"अप्पा, ते तापतंय," दाक्षी म्हणाली. "हात लावून बघा. मागापासून जरा लांब ठेवू या."

"लांब? का? माग म्हणजे काय खाटकाचं दुकान आहे?" निंगप्पाचा धोटा थांबला. "मागावर वाढलीस, मागाचं खाल्लंस, आता मागाला नावं ठेव. दिवसभर त्यात गाणी न् सिनेमे कोंबायचे आणि खापर फोडायचं मागावर!"

"गाणी नाहीत हो त्यात, अप्पा."

"मग रात्री गुणगुणतेस ते काय संतांची वचनं असतात?"

पार्वतव्वा चरख्यावरून हसली. झालं, निंगप्पाला कारण सापडलं होतं. पोरगी यंत्रात भलतंसलतं भरते, म्हणून ते सुस्त झालंय. माणूस जास्त जेवला की सुस्तावतो, तसं.

बागलकोटला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा प्रवीण म्हणून एक जण होता. निंगप्पाने त्याला बोलावून आणलं. तो आला तेव्हा दाक्षी शेजारच्या ओणीत, म्हणजे गल्लीत, हळदीला गेलेली. प्रवीणने खण बाजूला सारला, डबा उघडलासुद्धा नाही. दोन-चार बटणं दाबली, ओठ मुडपले आणि म्हणाला, "फार भरलंय, काका. सगळं पुसून नव्याने टाकतो. नव्यासारखा पळेल." मग कामाच्या माणसासारखं त्याने विचारलंही, "यातलं काही ठेवायचंय का?"

इथे निंगप्पा म्हणू शकला असता, थांब, पोरीला विचारतो. शेजारची ओणी काही काशीला नव्हती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण त्याच्या डोक्यात मागाचं शहाणपण होतं. ताण्याला फार गाठी झाल्या की उकलत बसायचं नाही, कापायचं आणि नवा जोडायचा.

"काही ठेवायचं नाही," तो म्हणाला. "धुऊन काढ."

दाक्षी आली तेव्हा तिच्या गालाला ओली हळद होती. कॉम्प्युटर स्वच्छ, निळा, रिकामा. तिने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. मग न वळता विचारलं, "अप्पा, माझी चित्रं?"

"कागदावर काढ की पुन्हा," निंगप्पा म्हणाला. आवाज चढवायला गेला, तो चढला नाही. "पणजोबांनी काय यंत्रावर काढली होती?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने हळद पुसली आणि पहिल्यापासून घरं रंगवायला बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा घरघरला आणि पडदा काळा झाला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिने वरचा खण नीट केला, चारी टोकं ओढून बसवली आणि चुलीपाशी जाऊन आईला म्हणाली, "अव्वा, जमखंडीचं ते किराणावाल्यांचं स्थळ आलंय ना? अप्पांना सांग, हो म्हणा." मुलाखतीची तारीख आली तशी गेली, घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. साखरपुडा झाला. मुलगा सालस होता, त्यात काही वावगं नव्हतं.

यंत्र पुसूनही सुस्तच राहिलं, म्हणजे कारण दुसरं होतं. हे निंगप्पाला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असावंही. पण कळलेलं कबूल करायला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती. लग्न जवळ आलं तेव्हा मात्र त्याच्या मनाने घेतलं की लेकीबरोबर कॉम्प्युटर चालता करून पाठवायचा. भांड्यांच्या आधी तो गेला पाहिजे. या वेळी प्रवीण नको, म्हणून त्याने चौकातल्या दावलसाबला गाठलं. दावलसाबचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला.

"मला यातलं काय कळतंय, निंगप्पाण्णा," दावलसाब म्हणाला. "पण गरम होणारी वस्तू आधी उघडून बघावी, एवढं कळतं."

त्याने खण काढला, पाठीमागच्या जाळीपुढे तळहात धरला. "हवाच येत नाही रे बाहेर. याला रजई कुणी पांघरली?" मग चार स्क्रू फिरवून बाजूचा पत्रा काढला.

आत पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी सुताच्या भुग्याची गादी होती, दाबून बसलेली, नमद्यासारखी. दावलसाबने चिमट्याने ती उचलली तर अख्खी सुटून आली. निंगप्पाने ती हातात घेतली. वर माणकी थर होता, तो आताच्या ताण्याचा. खाली हिरवा, दिवाळीच्या मालाचा. त्याच्याखाली जांभळा. जांभळं सूत मागावर होतं तेव्हा दाक्षी म्हणाली होती, मागापासून लांब ठेवू या. निंगप्पाला आपलं सूत ओळखायला डोळेही लागत नसत, बोटांना कळायचं. त्याच्याच मागाने पोरीच्या यंत्राचा श्वास कोंडला होता.

दावलसाबने ब्रश फिरवला, सायकलच्या पंपाने कानाकोपरा फुंकला, कसलंसं पांढरं मलम लावून पंखा परत बसवला. ऐन दुपारी कॉम्प्युटर चालू केला. घरघर नाही. बाण सरसर पळायला लागला.

"दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला," दावलसाब हात पुसत म्हणाला. "पोरीनं काही बिघडवलं नव्हतं, निंगप्पा."

"आणि त्यात होतं ते? पुसलेलं?"

"त्याच्यावर नवं चढवलंय ना? मग मला तरी ते नाही काढता येणार."

संध्याकाळी दाक्षी दिव्याची वात सारखी करत होती. निंगप्पा तिच्यासमोर येऊन बसला. लेकीसमोर असा जमिनीवर तो कधी बसला नव्हता. मुठीत तो भुगा होता. "दाक्षी, हे निघालं त्यातून. माझंच होतं. तुझं काही चुकलं नव्हतं."

तिने भुग्याकडे बघितलं. "मला माहीत होतं, अप्पा."

"आता चांगलं चालतंय. तू म्हण, मी जमखंडीला जातो, पाया पडतो त्यांच्या. वर्षभर थांबा म्हणतो. पुढल्या साली जा बेंगळुरूला."

"नको." तिने वात पुढे केली. "यंत्र तापतं, त्याचं मला काही वाटलं नाही, अप्पा. यंत्रं तापतात. पण मी मागाच्या शेजारी बसून काढत होते. तुमच्या हाताएवढ्या अंतरावर. तुम्ही एकदाही मान वळवून 'काय काढतेस, दाखव' म्हणाला नाहीत. त्या क्लासवाल्यानं निदान विचारलं तरी, अव्वा सांगत होती, काही ठेवायचंय का."

जन्मात पहिल्यांदा निंगप्पाला कुठल्या बिघाडाचं कारण देता आलं नाही. मुठीतला भुगा खाली ठेवून तो म्हणाला, "मग आता सांग. काय काढलं होतंस? तू सांग, मी मागावर चढवतो. लग्नाच्या साडीवर त्याच खणाची चोळी घाल."

दाक्षीने दिवा लावला, हात जोडले आणि उठली.

"आता आठवत नाही, अप्पा," ती म्हणाली.

विणकराच्या पोरीला आपल्या हातची नक्षी आठवत नाही, असं होत नाही. मरेपर्यंत बोटांत असते ती. निंगप्पाला हे ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे दाक्षीलाही ठाऊक होतं. कॉम्प्युटर तिने बरोबर नेला नाही. सासरच्या दुकानात जागा नाही, म्हणाली.