गार इंजिन

माझ्या नवऱ्याला अख्खा रस्ता थंडोबा म्हणतो. आळशी आहे म्हणून नव्हे. सकाळी सातला त्याच्या गॅरेजचं शटर वर गेलेलं असतं. जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक ती त्याच्याकडे तपासायला आणतात, आणि तो काही विचारायच्या आधी इंजिनवर तळहात ठेवतो. गरम लागलं की फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, "राहू द्या इथेच. उद्या सकाळी बघतो." मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो. त्याचं म्हणणं असं की तापलेलं इंजिन गोड बोलतं. काय दुखतंय ते सांगतं गार असताना.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र 'तो'च म्हणणार आहे. इतकी वर्षं त्याचे तेलकट कपडे धुतल्यावर एवढा हक्क मला पोचतो.

दुसऱ्या दिवशी गार इंजिन सुरू केलं की तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून घेतो. त्या वेळी कुणी शिंकलं तरी त्याला चालत नाही. मग थोडं तेल पांढऱ्या बशीत काढून, बशी उन्हात तिरपी करून, धातूची चमक दिसते का ते बघतो. माझ्या सहा बशांपैकी चार अशा गॅरेजात गेल्या. त्याबद्दल जे बोलायचं ते मी वेळोवेळी बोलून घेतलं आहे.

त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, मधमाश्या पाळायचे. वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. नवऱ्यानं त्यांना लहानाचं मोठं केलं, आणि मोठे झाल्यावरही ते लहानच आहेत असं धरून चालला. टोपी घाल, हळू जा, हे घेऊ नको, ते खाऊ नको. भावजी भावाला घाबरत नव्हते, उलट त्याची यथेच्छ नक्कल करायचे. पण त्याच्या 'नाही'ला घाबरायचे. तो एकदा नाही म्हणाला की त्यांच्या तोंडून ब्र निघत नसे.

मधाच्या पेट्या गावामागच्या टेकडीवर होत्या. वाट अरुंद आणि उभी चढाची, त्यामुळे पेट्या खांद्यावरून न्याव्या लागायच्या. भावजींच्या कमरेनं हात टेकले तेव्हा त्यांनी चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखी हँडल असलेली जुनी गाडी शोधायला घेतली. कागदावर तिला एटीव्ही म्हणतात. दीड वर्षात त्यांनी अशा चार गाड्या गॅरेजात आणल्या आणि नवऱ्यानं चारही नापास केल्या. पहिलीच्या तेलात पाणी शिरलेलं होतं. दुसरी निळा धूर सोडत होती. तिसरीचा सांगाडा कुठेतरी मोडून पुन्हा जोडलेला निघाला. चौथीत काय होतं ते मला आठवत नाही, पण काहीतरी होतंच. दर वेळी भावजी मान हलवायचे, हँडलवरून एकदा हात फिरवायचे आणि गाडी परत नेऊन द्यायचे.

पाचवी आली ती एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला. लाल, बुटकी, चारी चाकांवर पसरून बसलेली. मी तिला खेकडा म्हटलं आणि तेच नाव पडलं. भावजी म्हणाले, थेट मालकाकडूनच चालवत आलोय, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, बाराच्या आत हो की नाही ते कळवायचंय. नवऱ्यानं तळहात ठेवला. इंजिन चांगलंच तापलेलं होतं. तो फडकं शोधायला लागला आणि भावजींचा चेहरा पडला.

"दादा, पाचव्यांदा नको रे," ते म्हणाले.

तिथे मी मध्ये पडले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी चहा घेऊन आले होते, तो ठेवून मुकाट्यानं घरात जायचं सोडून मी म्हणाले, "अहो, परक्यासारखं काय करता? सख्खा भाऊ आहे. गरम तर गरम, बघा की."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे, आणि स्टूल ओढून बसला. बाकी सगळं त्यानं डोळ्यांत तेल घालून तपासलं. बशीतलं तेल स्वच्छ होतं. प्लग काढून तिथे मीटर लावलं, आतला दाब ठीक निघाला. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून कितीतरी वेळ बसला, वावगा आवाज एकही नाही. शेवटी उठला आणि म्हणाला, "घे." भावजींनी त्याला तिथल्या तिथे मिठी मारली. माझा नवरा लाजलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

अडीच महिने खेकडा टेकडी चढला आणि उतरला. मग एका सकाळी, मागे दोन पेट्या बांधलेल्या असताना, चढाच्या मधोमध इंजिन एका झटक्यात जाम झालं. मागची चाकं अडकली, गाडी मागे घसरली आणि भावजींना खाली घेऊन उलटली. खालच्या वाटेनं जाणाऱ्या दोघांनी धावत जाऊन ती उचलली. तोपर्यंत भावजी गेले होते. मधमाश्या घोंघावत होत्या म्हणून त्यांच्याजवळ जायलाही वेळ लागला, असं ते दोघे सांगत होते.

खेकडा गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली आला. नवऱ्यानं जुन्या गाड्या तपासणं बंद केलं. कुणी आलं की म्हणायचा, दुसरीकडे दाखवा. पंक्चर काढायचा, ब्रेक बसवायचा, आणि जेवताना मध्येच घास तसाच धरून म्हणायचा, "मी गरम बघितली." आठ महिने हेच चाललं होतं. त्या दिवशी मी काय बोलले होते ते त्याच्या लक्षात नसेल असं शक्य नाही. पण त्यानं ते मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. दोघं मिळून रडलो तरी असतो.

मग भंगारवाला आला. माझ्या जावेनं, भावजींच्या बायकोनं, त्याला पाठवलं होतं; तिला ती गाडी नजरेसमोरच काय, जगातही नको होती. नवऱ्यानं भंगारवाल्याकडे चार दिवस मागून घेतले, आणि त्याच दिवशी दुपारी ताडपत्री काढली. मी विचारलं, आता उघडून काय मिळणार. तो म्हणाला, "माझी चूक होती की नव्हती, तेवढं कळेल."

त्यानं इंजिन उतरवलं, वरचं झाकण काढलं, सिलिंडर ओढून काढला. आतून तो गुळगुळीत हवा, पण त्यावर उभे ओरखडे होते. पिस्टन बाहेर आला तो अर्धवट. त्याची खालची कड तुटून आत पडली होती, आणि तो तुकडा अडकूनच इंजिन जाम झालं होतं. नवऱ्यानं पिस्टन पेट्रोलनं धुतला, तुकडा धुतला आणि दोन्ही उन्हात धरले. मला त्यातलं कळत नाही, पण त्यानं बोटानं दाखवलं तेव्हा दिसलं. तुटलेल्या कडेचा निम्मा भाग चकचकीत होता आणि निम्मा काळा.

"चकचकीत आहे ते त्या दिवशी तुटलं," तो म्हणाला. "काळं आहे ती जुनी चीर. तेल मुरलंय बघ त्यात. म्हणजे मी तपासली तेव्हा ती होती."

मग त्यानं समजावून सांगितलं. अशी चीर पडते ती पिस्टन झिजून सैल झाल्यानं. तसा पिस्टन गार असताना सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. तापला की फुगतो, फट भरून निघते आणि आवाज बंद होतो. सकाळी गार सुरू केली असती तर शाळकरी पोरालाही टकटक ऐकू आली असती. एवढं सांगून तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मीच घालवला त्याला." मी त्याला नाही म्हणू शकले नाही, कारण त्याच्या हातात तो पिस्टन होता.

हे जावेला सांगायचं असं त्यानं ठरवलं. मी खूप अडवलं. तो म्हणाला, तिला कळायलाच हवं, मग तिनं मला दारात उभं केलं नाही तरी चालेल. संध्याकाळी आम्ही निघालो. जाऊ दोन गल्ल्या सोडून राहते आणि मध काढताना तोंड झाकायच्या जाळ्या शिवते. खोलीच्या एका भिंतीला रिकाम्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या आणि सगळीकडे मेणाचा वास. नवऱ्यानं शिलाई मशीनवर फडकं उलगडलं, पिस्टन ठेवला आणि मला सांगितलं होतं ते सगळं, एक शब्दही मऊ न करता, तिला सांगितलं. शेवटी म्हणाला, मी तुझा गुन्हेगार आहे.

जावेनं कात्री खाली ठेवली.

"दादा, गाडी आदल्या संध्याकाळीच घरी आली होती," ती म्हणाली. "रात्रभर इथे खालीच उभी होती. सकाळी ह्यांनी सुरू केली तेव्हा आतून टकटक यायला लागली. मी विचारलं, हा कसला आवाज. तर म्हणाले, दादानं हा ऐकला की ही पण गाडी गेली. मग मला मागे बसवलं आणि आवाज थांबेपर्यंत फिरवलं. पुलापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा पुलापर्यंत. मला मजा वाटत होती. मी हसत होते, दादा."

जाऊ पुढे सांगत राहिली. आवाज थांबल्यावर भावजींनी तिला दारात उतरवलं आणि गाडी तशीच गॅरेजात आणली. ती आजवर गप्प राहिली, कारण गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या भावाच्या मनात किल्मिष यावं असं तिला वाटत नव्हतं. दादा काही दिवसांत सावरतील असं तिनं धरलं होतं. मला तिचा भयंकर राग आला. आठ महिने हा माणूस माझ्यासमोर तिळतिळ झिजत होता आणि हिला सगळं माहीत होतं. मग मला माझा तो चहा आठवला, आणि मी राग गिळला.

नवऱ्यानं पिस्टन हातात घेतला. "किती वेळ आवाज येत होता?" त्यानं विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतो तसं.

"दहा मिनिटं असेल."

त्यानं मान हलवली. फडक्यानं पिस्टन पुसायला लागला, स्वच्छ होता तरी पुसत राहिला.

"मला नुसतं सांगायचं ना," तो म्हणाला. "नवा पिस्टन घातला असता. दोन दिवसांचं काम होतं."

"तुम्ही चारदा नाही म्हणालात, दादा," जाऊ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यांना वाटलं, परत नाहीच म्हणाल."

"म्हणालोच असतो," तो म्हणाला. मग पिस्टन मशीनवर ठेवला. "चारही वेळा मी नाही एवढंच म्हणालो. मी दुरुस्त करून देतो, असं एकदाही म्हणालो नाही. ते तेल, तो धूर, सगळं मला येत होतं करायला." आणि तो रडला. वडील गेले तेव्हा धाकट्यासमोर रडायचं नाही म्हणून राहिलेलं, भावजी गेले तेव्हा राहिलेलं, सगळं तिथे त्या मेणाच्या वासात रडला. जावेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मी दार लोटून घेतलं.

भंगारवाला पाचव्या दिवशी येऊन खेकडा घेऊन गेला. पिस्टन तेवढा नवऱ्यानं ठेवून घेतला. तो गॅरेजातल्या फळीवर, माझ्या चार बशांशेजारी आहे.

त्यानं पुन्हा गाड्या तपासायला सुरुवात केली आहे. अजूनही तो आधी इंजिनवर तळहात ठेवतो, आणि गरम असलं तर गाडी रात्रभर ठेवून घेतो. पण हात पुसण्याआधी तो आता आणखी एक वाक्य बोलतो. समोर कुणीही असो, परका असो, वयानं मोठा असो, त्याला तो म्हणतो, "कसला आवाज येत असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही."

लोक गोंधळतात. मेकॅनिक आपल्यावर रागावेल असं त्यांच्यातल्या कुणाच्या मनातही आलेलं नसतं.