निळा गोळा

पोरं तिला गोळामावशी म्हणत. बालवाडीत झाडू मारणं, नाकं पुसणं, चड्ड्या बदलणं हे तिचं काम होतंच. त्यात बाईंनी पोरांच्या खेळण्याचा रंगीत पिठाचा गोळा तिच्या गळ्यात मारला. विकतचा गोळा दोन दिवसांत कडक होतो म्हणे. बालवाडीत शेगडी नव्हती, म्हणजे तोही घरीच शिजवायचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

घरी सासू होती. पाय सुजलेले, दोन पावलं टाकली की धाप. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मीठ पूर्ण बंद. सूज वर चढली तर हृदयाचं काही खरं नाही." नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. त्यामुळे म्हातारीचा जीव आणि तिचं पथ्य, दोन्ही हिच्याच माथी. हिनं मिठाचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. सासूचं अळणी वेगळं शिजे, हिचं वेगळं.

संध्याकाळी दमून आली की आधी गोळा. पीठ, पिठाच्या निम्मं मीठ, तेल, पाणी आणि निळा रंग कढईत घालून ढवळत राहायचं, कडेनं सुटलं की गरम असतानाच मळायचं. मनगटं भरून येत. पण मिठाची कंजुषी चालत नसे. मिठानं गोळा टिकतो, आणि एकदा तोंडात घातलेलं पोर थू थू करून पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग ओट्यावर गोळ्याचा डबा झाकून ती ताटावर बसे आणि अर्ध्या जेवणात डुलक्या घेई.

सूज काही उतरेना. घोट्यावरून पोटरीवर आली, पोटरीवरून गुडघ्यावर. डॉक्टर हिच्याकडे बघून म्हणाले, "कुठून तरी मीठ पोटात जातंय. घरात दुसरं कोण असतं?" दुसरं कोण असणार! हिनं शेजारणीला विचारलं, म्हातारीच्या उशीखाली पाहिलं. म्हातारीनं ताकास तूर लागू दिली नाही. सासू आपल्या हातून गेली तर नवऱ्याला काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं ती पार पिचून गेली.

एका सकाळी धाप वाढली तसे डॉक्टर घरी आले.

"आजी, जीभ बघू."

जीभ निळीशार! डॉक्टरांचा चेहराच उतरला. "प्राणवायू कमी पडतोय. लगेच गाडी बोलवा."

हिनं पुढे होऊन रुमालानं जीभ पुसली. रुमाल निळा झाला. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! चिमूटभर मिठाला कुलूप घालून तिनं वाडगाभर मीठ रोज ओट्यावर ठेवलं होतं.

डॉक्टर दोघींनाही झापून, गोळ्या बदलून गेले.

"अहो आई, ते पोरांचं खेळणं आहे! पोरंसुद्धा थुंकून टाकतात!"

"पोरांना घरी मिठाचं मिळतं," म्हातारी म्हणाली. "तू आंघोळीला गेलीस की वाटाण्याएवढा काढून ठेवायचे. गालात धरून जेवायचे."

हिला ओरडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. त्या दुपारी तिनं एकच स्वयंपाक केला, अळणी, आणि सासूसमोर ताट घेऊन बसली. इतके महिने रांधलं, पण चाखलं कधीच नव्हतं. घास तोंडात नुसता फिरत राहिला.

"कसं झालंय?"

"घशाखाली उतरत नाही, आई."

"मग माझ्या कसं उतरत असेल?"

"उद्यापासून गोळा बालवाडीतच करते. बाईंना शेगडी आणायला लावते," एवढं ती म्हणाली. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. हिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग म्हातारीनंही आपलं ताट पुढे ओढलं.