शेततळ्यातलं हिरवं

तासगावच्या एसटी स्टँडवर आबांनी माझी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली आणि खिडकीखाली येऊन विचारलं, "जर्मनीत जाऊन नेमकं करनार काय गं?" मी म्हटलं, "हिरव्या पाण्यातल्या जीवाणूंवर काम." फौजेतून निवृत्त झालेला माझा बाप खो खो हसला. "आगं, मग आपलं शेततळं काय वंगाळ हाय? त्यात लय हाईत." गाडी हलली आणि मला रडू फुटलं.

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे कळेल, इकडचं काम घरी समजावताना जीभ वळत नाही. माझे जीवाणू झाडांसारखे उन्हावर जगतात. त्यांच्यातल्या कितीतरी प्रथिनांचं काम कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ठाऊक असलेली ढीगभर प्रथिनं दाखवून कॉम्प्युटरला शिकवायचं, मग अनोळखी प्रथिन दिलं की तो त्याच्या कामाचा अंदाज सांगतो. नाकाडोळ्यांवरून घराणं ओळखणाऱ्या आमच्या गावच्या म्हाताऱ्यांसारखा. अंदाज खरा ठरला की लॅबमध्ये केक कापतात.

यंदा सुट्टीला गेले तर तळ्यावर हिरवी साय धरली होती. तळं द्राक्षबागेसाठीचं, पण उन्हाळ्यात नळ आटले की घरातही तेच पाणी. पुण्यातल्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये बाटलीभर दिलं, हौस म्हणून. तिने त्यातल्या जीवाणूंचा डीएनए वाचून पाठवला, मी तो इथे आमच्या मॉडेलला, म्हणजे त्या शिकवलेल्या कॉम्प्युटरला, दिला. कॉफी घेऊन परत आले तेव्हा स्क्रीनवर उत्तर होतं: यातली काही प्रथिनं यकृत नासवणारं विष बनवत असावीत. मी लगेच घरी फोन लावला.

असावीत. अंदाजच तो. पाण्यात विष खरंच उतरलंय का, हे पाणी तपासल्यावरच कळणार. नमुना दिलाय, रिपोर्ट यायचाय. तोवर टँकरचं पाणी प्या म्हणून मी रोज विनवते. आई म्हणते, "उकळून पितो की गं." हे विष उकळून जात नाही. आबा तर ऐकूनच घेत नाहीत. "तुज्या कॉम्प्युटरनं पानी पिऊन बगितलंय व्हय? फौजेत कसलं कसलं पानी पिलोय आमी."

पूर्वी घर म्हटलं की बेदाण्याच्या शेडचा गोडसर वास आठवायचा, आता आधी ती हिरवी साय डोळ्यांसमोर येते. दिवसभर मॉडेल बरोबर यावं म्हणून झटायचं आणि एवढ्या एका ठिकाणी ते साफ चुकावं म्हणून देवाला हात जोडायचे.

काल व्हिडिओ कॉलवर आबांनी माझ्यासमोरच तांब्या तोंडाला लावला, घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या. "बग, हाय का न्हाई धडधाकट?"

मागून आईचा आवाज आला, "आवं, रेडकू बी परवा धडधाकटच हुतं."

रेडकू मेल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. तांब्यात अजून पाणी होतं. घर म्हणजे आता ही तळहाताएवढी काच. तिच्यातून सगळं दिसतं, पण हात घालून तो तांब्या काढून घेता येत नाही.