संध्याकाळच्या दुधाआधी

डेअरीचा सगळा डेटाबेस क्लाऊडवर हलवायला आलेल्या ताईंबद्दल मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. कॉलेज करून मी डेअरीच्याच ऑफिसात अर्धा वेळ बसते. कुठलंही बटण दाबण्याआधी त्या हात मागं घेत आणि पुटपुटत, "चुकलं तर माघारी येता येतंय का?"

त्या दिवशी सकाळचं दूध घेऊन झाल्यावर त्यांनी क्लाऊडवरचं नवं सुरू केलं. संध्याकाळी भूम, बेंबळी, सगळ्या संकलन केंद्रांवर नोंद झाली नाही, तर दूध घेता आलं नसतं, कॅनमध्येच नासलं असतं. नवं छान चाललं. तेवढ्यात ताईंनी सगळं परत ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नेलं.

"अवो ताई, चालू झालेलं कशाला मोडता?" डेअरीचे साहेब ओरडले.

"माघारी येता येतंय, बघितलं. आता जाऊ." त्या शांतपणे पुन्हा नव्यावर गेल्या.

सव्वापाचला बेंबळीहून फोन आला. "पावतीचा कागद संपलाय, लई दिस झालं सांगतोय!"

"आणि नोंदी?" ताईंनी विचारलं.

"त्या रोजच्यासारख्याच की. कागदाचं बोला!"

ताई पहिल्यांदाच हसल्या. "सगळं हलवलं, त्यांना कळलंच न्हाय," त्या मला म्हणाल्या.